व्हिएतनाम : उपासमारीकडून तांदूळ निर्यातीकडे

१९८८ च्या पूर्वार्धात उत्तर व्हिएतनामच्या अनेक प्रांतांत धान्याची तीव्र टंचाई होती. लाखो लोक अर्धपोटी दिवस काढत होते. त्यानंतर वर्षभरातच, १९८९ मध्ये, याच देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ परदेशी पाठवला आणि थायलंड व अमेरिकेपाठोपाठ जगातील तिसऱ्या क्रमांकाचा तांदूळ निर्यातदार होण्याचा मान मिळवला. जमीन तीच होती, नद्या त्याच होत्या, कसणारे हातही तेच होते. बदलला होता तो पिकवलेल्या धान्यावरचा हक्क. ग्रामीण दारिद्र्य निर्मूलनाच्या अभ्यासात व्हिएतनामचे उदाहरण आजही आवर्जून दिले जाते, ते या बदलामुळेच.

श्रमगुणांची शेती

उत्तर व्हिएतनाममध्ये १९५३ ते १९५६ या काळात जमीन सुधारणेची मोहीम राबवण्यात आली. जमीनदारांच्या जमिनी भूमिहीनांना मिळाल्या. मात्र मोहिमेत मोठे अतिरेक झाले, अनेकांचे बळी गेले आणि १९५६ मध्ये खुद्द सत्ताधारी पक्षालाच चुकांची कबुली द्यावी लागली. 'कसेल त्याची जमीन' ही अवस्थाही फार काळ टिकली नाही. १९५८ पासून शेतकऱ्यांना सहकारी संस्थांमध्ये सामील करून घेण्यास सुरुवात झाली आणि १९६० च्या अखेरीस बहुतांश कुटुंबांची जमीन सामुदायिक झाली.

या संस्थांमध्ये सकाळी घंटा वाजली की शेतावर जायचे, तुकडीने मिळून काम करायचे आणि दिवसाअखेर कामाचे गुण नोंदवून घ्यायचे, अशी रीत होती. सरकारचा कर, ठरलेली धान्यवसुली आणि संस्थेचा खर्च वजा जाता उरलेले धान्य या श्रमगुणांच्या प्रमाणात वाटले जाई. एखाद्याने लावणी मन लावून केली काय किंवा रोपे कशीबशी चिखलात खोचली काय, त्याच्या वाट्यात फारसा फरक पडत नसे. सामाईक बापासाठी कोणी रडत नाही, अशा अर्थाची एक व्हिएतनामी म्हण आहे. सहकारी शेताची स्थिती नेमकी तशी झाली.

संस्थेच्या सुमारे पाच टक्के जमिनीचे लहान तुकडे कुटुंबांना घरगुती वापरासाठी दिलेले असत. भाजीपाला, डुकरे, कोंबड्या यांच्या जोरावर या चिमुकल्या तुकड्यांतून कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा येई. तोच माणूस, तीच माती. तरीही बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे पिकात एवढी तफावत का, हा प्रश्न गावोगावी सर्वांना दिसत होता.

चोरून केलेले करार

या प्रश्नाला जाहीरपणे हात घातला तो विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी. १९६६ मध्ये त्यांनी सहकारी जमीन कुटुंबांना कराराने कसू देण्यास परवानगी दिली. ठरलेले धान्य संस्थेला द्यायचे आणि वरचे स्वतःकडे ठेवायचे, हे त्याचे सूत्र होते. उत्पादन वाढले, पण १९६८ मध्ये केंद्रीय नेतृत्वाने हा प्रयोग समाजवादाशी विसंगत ठरवला आणि न्गोक यांना आत्मटीका करावी लागली. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर हो ची मिन्ह पदक देऊन गौरवले.

बंदीनंतरही करार थांबले नाहीत. १९७६ मध्ये देशाचे एकीकरण झाल्यावर दक्षिणेतील मेकाँग खोऱ्यातही सामुदायिक शेती लागू करण्याचा प्रयत्न झाला. तेथील शेतकऱ्यांनी त्याला दाद दिली नाही. उत्तरेत हायफाँग परिसरातील काही गावांनी गुपचूप जमीन वाटून घेतली. अखेर जानेवारी १९८१ मध्ये पक्षाने 'निर्देश क्रमांक १००' काढून मर्यादित स्वरूपाच्या कराराला मान्यता दिली. लावणी, निगराणी आणि कापणी कुटुंबाने करायची. नांगरट, बियाणे, पाणी, खत आणि कीडनियंत्रण संस्थेकडे राहील, अशी ही विभागणी होती. प्रारंभी उत्पादन वाढले. पुढे मात्र संस्थांनी वसुलीचे आकडे चढवत नेले आणि शेतकऱ्यांचा उत्साह मावळला.

ठराव क्रमांक १०

१९८६ मध्ये महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या सहाव्या पक्ष अधिवेशनात 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारण्यात आले. शेतीच्या दृष्टीने निर्णायक पाऊल पडले ते एप्रिल १९८८ मध्ये. पॉलिट ब्युरोच्या 'ठराव क्रमांक १०' ने कुटुंब हाच शेतीचा मूळ घटक मानला, जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने कुटुंबांच्या हाती दिली आणि श्रमगुणांची पद्धत मोडीत काढली. पुढच्याच वर्षी बहुतेक वस्तूंवरील सरकारी किंमत नियंत्रण उठले. शेतकऱ्याला आपले धान्य बाजारभावाने विकता येऊ लागले.

१९८७ मध्ये सुमारे १ कोटी ५१ लाख टन असलेले भाताचे उत्पादन १९८९ मध्ये १ कोटी ९० लाख टनांवर गेले आणि २००० मध्ये ३ कोटी २५ लाख टनांपर्यंत पोहोचले. अर्थात, केवळ कराराने हे साधले नाही. कालवे व पंप यांची उभारणी सामुदायिक शेतीच्या काळातच मोठ्या प्रमाणावर झाली होती. लवकर तयार होणाऱ्या सुधारित वाणांमुळे मेकाँग खोऱ्यात वर्षाला दोन-तीन पिके घेता येऊ लागली. या वाणांवर काम करणारी कान थो येथील भात संशोधन संस्था भारताच्या साहाय्याने विकसित झाली आहे. कष्टाचे फळ आपल्याच घरी येणार, ही खात्री मिळताच शेतकऱ्याने या सुविधांचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

'लाल पुस्तक'

१९९३ च्या जमीन कायद्याने हा बदल पक्का केला. जमिनीची मालकी समस्त जनतेची आणि व्यवस्थापन सरकारचे, हे तत्त्व कायम राहिले. मात्र वापराचा हक्क हंगामी पिकांसाठी २० वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी ५० वर्षे देण्यात आला. हा हक्क अदलाबदलीने, विक्रीने, भाड्याने, वारसाने वा तारणाने दुसऱ्याकडे देता येऊ लागला. त्याच्या दाखल्याला लोक 'लाल पुस्तक' म्हणतात. २००३ च्या कायद्याने त्यावर पती आणि पत्नी अशा दोघांचीही नावे घालणे आवश्यक केले.

उत्तरेत जमिनीची वाटणी माणशी आणि प्रतवारीनुसार झाली. त्यामुळे भूमिहीन फारसे उरले नाहीत, पण एकेका कुटुंबाची शेती विखुरलेल्या तुकड्यांत विभागली गेली. कुटुंब पाहणीच्या आधारे मोजलेले दारिद्र्याचे प्रमाण १९९३ मध्ये ५८ टक्के होते. ते १९९८ मध्ये ३७ आणि २००२ मध्ये २९ टक्क्यांवर आले. पोटापुरता तांदूळ हाती आल्यावर कुटुंबे मासे, भाजीपाला आणि पशुपालनाकडे वळली. घरातील तरुण मुले-मुली कारखान्यांत जाऊ लागली. नंतरच्या काळात दारिद्र्य घटले त्यात या बिगरशेती रोजगाराचा वाटा वाढत गेला.

डोंगराळ भागाची कैफियत

सखल प्रदेशात ज्या धोरणाने स्थैर्य दिले, तेच धोरण मध्य पठारावर वादाचे कारण ठरले. डाक लाक व आसपासच्या प्रांतांत सरकारी योजनांतून आणि स्वतःहूनही मोठ्या संख्येने लोक स्थलांतरित झाले. जंगल हटवून कॉफीचे मळे उभे राहिले आणि सन २००० च्या सुमारास व्हिएतनाम कॉफी उत्पादनात ब्राझीलखालोखाल दुसऱ्या स्थानावर पोहोचला. मात्र एदे, जराई अशा मूळ रहिवाशांची फिरती शेती आणि गावाची सामाईक वने कोणत्याही लाल पुस्तकात बसत नव्हती. फेब्रुवारी २००१ मध्ये तेथे मोठी निदर्शने झाली. जमीन गमावल्याची तक्रार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्याच सुमारास जगभर कॉफीचे भाव कोसळल्याने कर्जबाजारी उत्पादकही अडचणीत आले. लोकसंख्येत सुमारे १५ टक्के असलेल्या वांशिक अल्पसंख्याकांचा देशातील गरिबांमधील वाटा २०१६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक होता.

हक्काची मुदत

वापराचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, याची जाणीव २०१२ च्या जानेवारीत झाली. हायफाँगजवळ खाजणात मत्स्यशेती करणाऱ्या एका कुटुंबाने जमीन ताब्यात घेण्यास आलेल्या पथकाला गावठी शस्त्रांनी विरोध केला. पंतप्रधानांनी ती कारवाई बेकायदा ठरवली. पुढे कुटुंबातील काहींना तुरुंगवासही झाला. १९९३ मध्ये मिळालेल्या २० वर्षांच्या मुदती संपत आल्या असतानाच हे घडले. २०१३ च्या नव्या कायद्याने हंगामी पिकांसाठीची मुदत ५० वर्षे केली. विकासकामांसाठी जमीन परत घेण्याचा अधिकार मात्र सरकारने स्वतःकडेच ठेवला. कसणाऱ्याला खात्री दिली की तो पिकवतो, हे व्हिएतनामने सिद्ध करून दाखवले. ती खात्री किती काळासाठी आणि कोणाकोणाला, हा प्रश्न तेथील गावांत अद्याप शिल्लक आहे.