नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी : मान्यता, मर्यादा आणि प्रवेशापूर्वीची पडताळणी

नवी दिल्ली : नोकरी सांभाळून पदवी मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी ऑनलाइन शिक्षण हा आता देशात नियमाने मान्य झालेला मार्ग आहे. मात्र ही मान्यता सर्व ऑनलाइन पदव्यांना सरसकट लागू होत नाही. संबंधित विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच प्रवेशसत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची अर्थात यूजीसीची मान्यता असावी लागते. त्यामुळे पदवी पुढे नोकरीत किंवा पदोन्नतीत ग्राह्य ठरणार की नाही, हे बऱ्याच अंशी प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असते.

पार्श्वभूमी

वर्गात न बसता पदवी घेण्याची सोय भारतात नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाले. ते आज डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ अर्थात इग्नू १९८५ मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये अस्तित्वात आले. संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्यासाठी यूजीसीने २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम केले आणि २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित विनियम लागू केले. सध्याची व्यवस्था याच विनियमांवर आणि त्यांतील नंतरच्या दुरुस्त्यांवर उभी आहे.

पारंपरिक पदवीशी समकक्षता

मान्यताप्राप्त संस्थेकडून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळालेली पदवी व पदव्युत्तर पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभाही देण्यात आली. त्यानुसार एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष आणि दुसरा ऑनलाइन किंवा दूरस्थ, अथवा दोन्ही ऑनलाइन किंवा दूरस्थ असू शकतात. तरीही एखाद्या पदासाठी विशिष्ट अर्हता मागितली असेल, तर ती त्या भरतीच्या नियमांतूनच तपासावी लागते.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांतील फरक

दूरस्थ शिक्षणात छापील स्वयं-अध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे यांवर भर असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात दृक्‌श्राव्य व्याख्याने, डिजिटल पाठ्यसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चामंच असे चार भाग असतात. त्यातील परीक्षा निरीक्षणाखालीच घेतली जाते. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के, तर सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भारांश असतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. राज्य विद्यापीठांना दूरस्थ शिक्षणाची अभ्यासकेंद्रे आपल्या कार्यक्षेत्रातच चालवावी लागतात. त्यामुळे सुरत, इंदूर किंवा बेळगाव येथे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असल्याचा दावा कोणी केल्यास तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. इग्नूचे कार्यक्षेत्र मात्र देशव्यापी आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही ही भौगोलिक मर्यादा लागू होत नाही.

कोणत्या पदव्या ऑनलाइन मिळत नाहीत

अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र, भौतिकोपचार, विधी, कृषी आणि हॉटेल व्यवस्थापन या विषयांतील पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देण्यास परवानगी नाही. पीएच.डी.चाही या यादीत समावेश आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र यांसारख्या आरोग्यसेवेशी संबंधित विषयांतही नवे प्रवेश थांबविण्यात आले आहेत.

मान्यता नसल्याचे परिणाम

मान्यतेकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सापडते. चार अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून आवश्यक पूर्वमान्यता न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी पदव्या दिल्या होत्या. त्यांना नंतर मिळालेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरविली. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेला बसण्याची संधी देण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या आणि त्या पदव्यांच्या आधारे मिळालेले लाभ काढून घेण्याचे आदेश देण्यात आले. शुल्क भरून, अभ्यास करून आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही मान्यतेअभावी पदवी टिकत नाही, हे या निकालाने दाखवून दिले.

मध्यस्थ कंपन्या आणि परदेशी पदव्या

ऑनलाइन पदवीच्या अनेक जाहिराती विद्यापीठांच्या नव्हे, तर शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांच्या नावे येतात. विद्यापीठाने अशी कंपनी पुढे करून फ्रँचायझी पद्धतीने अभ्यासक्रम चालविण्यास मनाई असल्याचे यूजीसीने जानेवारी २०२२ मध्ये बजावले. ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिरातींबाबत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तर कंपन्यांमार्फत दिल्या जाणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने सावधगिरीचा इशारा दिला. पदवी प्रदान करण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्यानुसार विधिवत स्थापन झालेल्या विद्यापीठालाच आहे. त्यामुळे प्रवेश अर्ज आणि शुल्काची पावती थेट विद्यापीठाच्या नावे आहे का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रवेशापूर्वी काय तपासावे

यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर सत्रनिहाय मान्यताप्राप्त संस्था आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध असते. तेथे चार बाबी जुळवून पाहाव्यात : विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, शिक्षणाची पद्धत आणि प्रवेशसत्र. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले, तरी त्याचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असतोच असे नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतो.

२०२४ पासून या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला ब्युरोच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक तयार करावा लागतो. त्यासाठी शैक्षणिक श्रेयांक बँकेतील खाते आवश्यक असते. हा क्रमांक न मागता प्रवेश निश्चित झाल्याचे कोणी सांगत असल्यास ती धोक्याची सूचना समजावी. मान्यतेच्या यादीतील संबंधित पानाची प्रत, शुल्काची पावती आणि प्रवेशपत्र जपून ठेवल्यास पुढे सेवापुस्तकातील नोंदीच्या किंवा पदोन्नतीच्या वेळी ते पुरावे म्हणून उपयोगी पडते. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्या खात्याच्या नियमांनुसार पूर्वपरवानगी लागते का, याचीही आधी खातरजमा करावी.

वेळेचे गणित

मान्यतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. या हिशेबाने १२० श्रेयांकांच्या पदवीसाठी सुमारे ३,६०० तास लागतात. तीन वर्षांत ती पूर्ण करायची झाल्यास आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे रोज तीन तासांहून अधिक वेळ काढावा लागतो. पूर्णवेळ नोकरी आणि घरची जबाबदारी असणाऱ्यांना हे नेहमीच शक्य होत नाही. इग्नूत तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. कालावधी दुप्पट केल्यास आठवड्याचा भार सुमारे साडेअकरा तासांवर येतो. त्यामुळे विद्यापीठ निवडताना शुल्काबरोबरच कमाल मुदत, परीक्षेचे वार आणि परीक्षा केंद्र किती दूर आहे, यांचीही चौकशी करणे हिताचे ठरते.