आम्रवृक्ष : वेरूळ ते रत्नागिरी

रत्नागिरीत आंबा म्हणजे पीक आणि पेटीचा भाव. जैन परंपरेत मात्र तो पूजनीय आहे. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची शासनदेवी अंबिका. तिच्या हाती आम्रलुंबी, म्हणजे आंब्यांचा घोस असतो. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या 'इंद्रसभा' लेण्यात ती घनदाट आम्रवृक्षाखाली सिंहावर विराजमान आहे. हे शिल्प हजार वर्षांहून जुने. हापूस त्यामानाने अलीकडचा. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून हे नाव पडले, असे मानतात. कोयीपासून वाढणाऱ्या रायवळाची चव झाडागणिक बदलते. पोर्तुगीजांच्या काळात कलमांची रीत रुजली आणि एकाच झाडाची चव बागाबागांतून पसरली. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन लाभले.

आर्द्रा नक्षत्र लागले की आपल्यातील अनेक कुटुंबे आंबा वर्ज्य करतात, कारण पावसाळी फळात जीवोत्पत्ती होते अशी श्रद्धा आहे. परंतु मोहोरावरील तुडतुडे मारण्यासाठी थंडीपासूनच बागांत विषारी औषधांच्या फवारण्या चालतात. त्या जीवांचा हिशेब आपण कोणत्या नक्षत्रात मांडतो? वैशाखात हापूसची पेटी माझ्याही घरी येते.