डब्यावरचे तीन आकडे आणि एक विसरलेले नाव

कॉलेजात असताना मी पहिला अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडला. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्टचा होता. दुकानात २५ व्होल्टचे कंडेन्सर स्वस्त मिळाले, तेच घेतले. अठरापेक्षा पंचवीस मोठे, एवढाच माझा हिशोब. स्पीकर न लावता सेट चालू ठेवला आणि थोड्या वेळाने फट्‌ असा आवाज होऊन खोलीभर आंबूस धूर पसरला. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, "क्या जला रे?" उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शोधताना मी इतिहासात शिरलो.

आधी शब्दच पाहा. पाठ्यपुस्तकात 'संधारित्र' आहे आणि इंग्रजी पुस्तकांत आता 'कपॅसिटर'. पण पंख्याच्या मिस्त्रीपासून रेडिओच्या कारागिरापर्यंत आपल्याकडे सगळे 'कंडेन्सर'च म्हणतात. ही अडाण्यांची चूक नव्हे. १७८२ मध्ये इटलीच्या व्होल्टाने हाच शब्द रूढ केला. इंग्रजी पुस्तकांतून तो मागे पडला, आपल्या कारखान्यांत टिकला.

वस्तू त्याहून जुनी आहे. ऑक्टोबर १७४५ मध्ये पोमेरेनियातील फॉन क्लाइस्ट या धर्मगुरूने काचेच्या बाटलीत वीज साठवली. काही महिन्यांनी हॉलंडमधील लायडन शहरात प्राध्यापक मुशेनब्रुक यांना तसाच झटका बसला. बाटलीला नाव पडले 'लायडन जार'. क्लाइस्ट आधी होता, पण विद्यापीठ लायडनकडे होते. पुढे ब्रिटिश आरमाराने धारिता मोजायला 'जार' हेच एकक वापरले. ९०० जार म्हणजे १ मायक्रोफॅरड. त्या मापाने घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमधला १०,००० मायक्रोफॅरडचा डबा ९० लाख जारांचा होतो. एवढ्या बाटल्या मुठीएवढ्या डब्यात मावल्या कशा?

याचे उत्तर कारोल पोलाक या पोलिश अभियंत्याकडे आहे. १८५९ मध्ये तो सानोक गावी जन्मला, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. ॲल्युमिनियमवर विजेने चढणारा ऑक्साइडचा थर सौम्य द्रावणात वीज बंद केल्यावरही टिकतो, हे त्याने पाहिले. हा थर अतिशय पातळ असतो, व्होल्टमागे साधारण सव्वा नॅनोमीटर. बाटलीच्या जाड काचेची जागा या थराने घेतली आणि धारिता लाखो पटींनी वाढली. १८९६ मध्ये त्याने या कंडेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. एसीची डीसी करणारी चार डायोडची जोडणीही त्याने त्याच सुमारास पेटंट केली होती. म्हणजे आपल्या पॉवर सप्लायचे दोन्ही अर्धे भाग या एका माणसाचे. तरी लिओ ग्रेट्झ या जर्मन प्राध्यापकाने १८९७ मध्ये ती जोडणी प्रसिद्ध केली आणि अनेक पुस्तकांत ती 'ग्रेट्झ ब्रिज' म्हणूनच राहिली. ग्रेट्झवर चोरीचा आरोप करण्याचे कारण नाही. एकच कल्पना दोघांना सुचू शकते. पण दोघांतले कोणते नाव टिकावे, हे बहुधा कोणाच्या मागे विद्यापीठ आहे यावर ठरते.

कंडेन्सरची खरी गरज १९२० च्या दशकात भासली. तोवर घरातले रेडिओ बॅटरीवर चालत. ते घरच्या विजेवर आणताच स्पीकरमधून घुं-घुं ऐकू येऊ लागली. १९२५ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल रुबेन यांनी द्रावण भिजवलेल्या कागदात बसवले आणि सांडण्याची भीती नसलेला 'कोरडा' कंडेन्सर आला. आपला आजचा डबा त्याच घराण्यातला.

आता डब्यावरचे तीन आकडे वाचू.

पहिला व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १८ व्होल्ट हे पूर्ण भारावरचे आरएमएस माप असते. शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे २५.४. डायोडमध्ये साधारण ०.७ गेले की उरतात जवळजवळ २५. पण भार नसताना तोच ट्रान्सफॉर्मर २० देऊ शकतो. मग कंडेन्सरवर २७ च्या वर येतात, आणि लाइनचा दाब वाढला तर आणखी. माझे २५ व्होल्टचे डबे तिथेच हरले. ३५ किमान, ५० निर्धास्त. डबा उलटा जोडला तर मात्र कोणताही आकडा वाचवत नाही. थर मोडतो, आत वायू साठतो आणि डबा फुटतो.

दुसरा मायक्रोफॅरडचा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ब्रिजनंतर कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो. प्रवाहाला १०० आणि फॅरडमधली धारिता यांच्या गुणाकाराने भागा, दाबाचा चढउतार मिळेल. २ ॲम्पियरला ४,७०० मायक्रोफॅरडवर तो सव्वाचार व्होल्ट येतो, १०,००० वर २ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडा कमीच असतो. मग ४०,००० का नको? कारण मोठा डबा फार थोड्या वेळात फार मोठा प्रवाह ओढतो. डायोड आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, सुरू करतानाचा धक्का वाढतो. १८-०-१८ च्या सेटला प्रत्येक बाजूस १०,००० पुष्कळ झाले.

तिसरा तापमानाचा. ८५ अंशांऐवजी १०५ चा घ्या आणि हीटसिंकपासून दूर बसवा. उष्णता १० अंशांनी घटली की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. रुबेनच्या कागदातले द्रावण आजही हळूहळू सुकतच असते. वर्षानुवर्षे पडून असलेला डबा एकदम पूर्ण दाबावर लावू नका. मोठा रेझिस्टर मध्ये घालून दाब सावकाश वाढवा, म्हणजे थर पुन्हा बसतो.

आणखी एक. प्रत्येक डब्यावर २.२ किलोओहमचा १ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. सेट बंद केल्यावर दोनेक मिनिटांत साठा उतरतो. लायडनचा झटका पुन्हा अनुभवण्याची गरज नाही.

माझा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर ५० व्होल्टच्या कंडेन्सरांवर बनला आणि तो अजून चालतो. तो लावला की अम्मी आजही स्वयंपाकघरातून एकदा डोकावते. त्याच्या आकृतीवर ब्रिजच्या शेजारी मी पेनाने एक नाव लिहिले आहे: पोलाक.