जड वाफेचे लहान चाक

वाफेचे टर्बाइन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे औष्णिक वीजकेंद्र येते. तेच लहान करून एखाद्या वस्तीपुरती दोन-तीन किलोवॅट वीज का मिळवू नये?

थोडे गणित करू. तोटीतून वाफ सेकंदाला १००० मीटर वेगाने सुटते असे धरू. पात्यांचा वेग त्याच्या साधारण निम्मा असला, तर ऊर्जा चांगली मिळते. चाकाचा व्यास २० सेंटीमीटर घेतला, तर मिनिटाला सुमारे ४८,००० फेरे! स्वीडनच्या द लावालने १८८० च्या दशकात असा वेग दंतचक्रांनी उतरवला. इंग्लंडच्या पार्सन्सने १८८४ मध्ये दाबाची घट अनेक चाकांवर वाटली. मोठ्या यंत्राला हा पसारा परवडतो, लहानाला नाही.

इस्रायलमध्ये हॅरी टाबोर आणि लुसिएन ब्रोनिकी यांनी प्रश्नच उलटा केला. चाक एकच, साधे ठेवायचे. मग त्याला मानवेल असा द्रव कोणता? पाण्याचा रेणुभार १८, तर मोनोक्लोरोबेंझीनचा सुमारे ११२. रेणू जड, म्हणून झोत बराच मंद. शिवाय ही वाफ प्रसरण पावताना कोरडी राहते. पात्यांवर थेंब आदळत नाहीत.

सूर्याच्या उष्णतेवर चालवायचे हे टर्बाइन त्यांनी १९६१ मध्ये रोमच्या संयुक्त राष्ट्र परिषदेत मांडले. १९६५ मध्ये ब्रोनिकी दांपत्याने ऑरमॅट कंपनी काढली. तिची लहान यंत्रे इंधन जाळून दुर्गम दूरसंचार केंद्रांना वीज देऊ लागली. उन्हावर वस्ती उजळण्याचे काम मात्र पुढे सौर घटांनी केले. त्यांत फिरणारे चाकच नव्हते.