एकविसाचा डाव आणि गणिताचा कौल

नलोपाख्यानांत बेहड्याचीं पानें व फळें क्षणांत मोजणारा ऋतुपर्ण नळास अक्षविद्या देतो. द्यूत आणि गणित यांचें हें जुनें नातें अमेरिकेंतील 'ब्लॅकजॅक' या पत्त्यांच्या खेळांत विसाव्या शतकांत पुन्हा प्रकट झालें.

या खेळांत चित्रांचीं पानें १० चीं, एक्का १ वा ११ चा. बेरीज २१ च्या जवळ न्यावयाची, पण पुढें जाऊं द्यावयाची नाहीं. आणखी पान मागावें कीं थांबावें, हा खेळाडूपुढील मुख्य प्रश्न. वाटणारा मात्र नियमानें बांधलेला: १६ पर्यंत पान घ्यावयाचें, १७ वर थांबावयाचें. खेळाडूनें प्रथम २१ ओलांडले कीं त्याचे पैसे गेलेच. मागाहून वाटणाऱ्यानेंही ओलांडले तरी ते परत येत नाहींत. अड्ड्याचा नफा येथें आहे.

मेरिलंडमधील ॲबर्डीनच्या लष्करी तळावरील बॉल्डविन, कँटी, मायझेल व मॅक्डरमॉट या चौघांनीं साध्या हिशेबयंत्रांवर आंकडेमोड करून १९५६ सालीं उत्तम खेळाचे नियम प्रसिद्ध केले. आपली बेरीज १६ आणि वाटणाऱ्याचें उघडें पान ६ असल्यास थांबावें. तें १० असल्यास आणखी घ्यावें. इतकें पाळूनही त्यांच्या हिशेबानें शेंकडा ०.६२ तोटा उरलाच.

१९६२ सालीं एडवर्ड थॉर्प यांनीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, गेलेलीं पानें ध्यानांत ठेवावीं. उरलेल्यांत दहाचीं पानें व एक्के अधिक असतां पारडें खेळाडूकडे झुकतें. १९६४ सालीं लास व्हेगासच्या अड्डेवाल्यांनीं नियमच बदलले, आणि गिऱ्हाइकें रोडावतांच पूर्ववत् केले.

नशिबाच्या नांवावर चालणारा हा धंदा स्वतः मात्र नशिबावर विसंबून नसतो, हाच या इतिहासाचा बोध होय.