तीन आवृत्त्या हरवल्या, ओवी उरली

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. दुसरी आवृत्ती १६४९ मध्ये आणि तिसरी १६५४ मध्ये निघाली. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. अवघ्या अडतीस वर्षांत तीनदा छापलेला ग्रंथ असा समूळ नाहीसा व्हावा, आणि तरीही त्यातील जवळजवळ अकरा हजार ओव्या आपल्या हाती सुखरूप याव्यात, हे कोडे मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आले आहे. छापील कागद गेला, मग उरले ते कशाच्या आधारे?

स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायरचे. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये ते गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, याच भूमीत राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला. १५८३ साली याच साष्टीतील कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करणाऱ्यांत स्टीफन्स होते. देवळे पाडली गेली होती, मने दुखावलेली होती आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडले होते. हे विसरून ख्रिस्तपुराण वाचू नये, असे मला वाटते. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी त्याच प्रांतातून त्याच लोकांच्या छंदातला ग्रंथ बाहेर पडला.

तो का लिहिला, हे ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने प्रश्न केला, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. धर्मांतरित माणसाचा जुना देव्हारा गेला होता, पण त्याबरोबर त्याच्या संध्याकाळीही रिकाम्या झाल्या होत्या. पुराण म्हणजे केवळ मजकूर नव्हे. दिवा लावून, चार माणसे जमवून, एकाने चालीवर म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी ती एक बैठक असते. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे पाठ करून ही पोकळी भरत नाही. स्टीफन्स यांनी स्वतः प्रश्नोत्तरांचे पुस्तक कोकणीत लिहिले होते, ते त्यांच्या पश्चात १६२२ मध्ये छापले गेले. पण त्याच लेखणीने त्यांनी पुराण लिहिले ते मराठीत आणि ओवीत.

ओवीची निवड हीच सर्वांत मोठी गोष्ट होती. लॅटिन स्तोत्रांचे भाषांतर करून ती युरोपीय चालीवर म्हणविणे पाद्र्यांना अधिक सोपे होते, आणि तसे प्रकार होतही होते. स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घराण्यातला छंद उचलला. या छंदाचे वैशिष्ट्य असे, की तो गाणाऱ्याकडे फार मागत नाही. जात्यावर बसलेली बाई तो म्हणू शकते, तसाच व्यासपीठावर बसलेला पुराणिकही. पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि आखूड चौथ्या चरणावर श्वास टेकतो. एक ओवी आठवली, की तिचे यमक पुढच्या चरणाला हात देऊन ओढून आणते. दोन भागांत मांडलेली ही पवित्र कथा पहिल्या पुराणात उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंत आणि दुसऱ्यात प्रभूच्या जीवनातून जाते. रविवारी व सणाच्या दिवशी ती चर्चमध्ये गायिली जाई. ऐकणाऱ्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. ज्यांना अक्षरओळख होती त्यांनाही रोमन लिपी परकीच होती. स्टीफन्स यांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांकडे देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. ते खिळे काही पडले नाहीत. ग्रंथ रोमन लिपीत निघाला, आणि त्याची खरी लिपी कंठ हीच राहिली.

गाण्याविषयी ख्रिस्तसभेच्या मनात प्राचीन काळापासून एक ओढाताण आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त बाप्तिस्म्यानंतरच्या दिवसांत मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून आपण कसे रडलो, ते लिहिले आहे. त्याच ग्रंथात पुढे ते स्वतःलाच विचारतात, की मला भिडले ते वचन की सूर? सूर अधिक भिडला असेल तर ते पापच, असे त्यांना वाटते. तरीही गाणे ठेवावे, या बाजूला त्यांचे मन झुकते. गोव्यात ही ओढाताण फार कडू झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज अंगीकारण्याचा हुकूम काढला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात लग्नकार्यात ओव्या गाण्यासही मनाई झाली. ज्या छंदात प्रभूचे दुःखसहन गायिले जात होते, तोच छंद नवरीच्या अंगणात अपराध ठरला! वसईच्या कोणत्याही जुन्या बाईला हे सांगून पाहावे. उंबराचे पाणी आणताना जिने ओवी म्हटली, तिला यातला न्याय कळणार नाही, आणि मलाही तो कळत नाही.

उत्तर कोकणाचा प्रवाह थोडा वेगळा. आपल्या भागासाठी फ्रान्सिस्कन संघाचे फादर फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांनी प्रभूच्या दुःखसहनावर इथल्या बोलीत पुराण रचले. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज संघांचे धर्मगुरू निघून गेले आणि धर्मग्राम मोजक्या देशी धर्मगुरूंच्या हाती राहिले. त्या काळाविषयी आपण सनावळ्या सांगतो, पण प्रायश्चित्तकाळात घराच्या ओटीवर लोक काय म्हणत असतील, याचा विचार क्वचितच करतो.

या बाबतीत अधिक स्पष्ट बोलते ती कानडा किनाऱ्याची कथा. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेली ख्रिस्ती कुटुंबे ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर घेऊन गेली होती. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले. त्यांची चर्चे पाडली गेली आणि धर्मगुरू हद्दपार झाले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, त्यांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, मुलांना शिकवायला कोणी नव्हते. त्या बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीच लोकांना धीर दिला, अशी त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे. ओवी म्हणायला वेदी लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. त्या पंधरा वर्षांत जन्मलेल्या मुलाने उत्पत्तीची आणि कालवारीची कथा ऐकली असेल, तर ती बहुधा आईच्या किंवा आजीच्या तोंडून, चालीवर.

याच किनाऱ्यावर जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. त्या आवृत्तीत १०,९६२ ओव्या आहेत. नंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखिते आढळली. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ कोणते, यावर पंडितांचा वाद आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा मराठी वाचकाला हा ग्रंथ प्रथमच आपल्या लिपीत हाताळता आला. फादर स्टीफन्स यांनी खिळे मागितल्याला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगितले. त्यानंतर आपल्या चर्चमध्ये पेटी-तबला आला, मराठी गीतांची पुस्तके आली. पण ख्रिस्तपुराण मात्र समारंभात अडकले. भाषणाच्या आरंभी मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच चार-दोन ओव्या म्हणायच्या, टाळ्या घ्यायच्या, आणि ग्रंथ कपाटात ठेवायचा, अशी आपली रीत पडली आहे. त्या ओव्या सुंदर आहेत यात शंका नाही, परंतु त्या दाराशी लावलेल्या तोरणासारख्या आहेत. घर आत आहे.

गेल्या प्रायश्चित्तकाळात एका शुक्रवारी आम्ही सातआठ जण एका घरी जमलो आणि दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग काढून बसलो. वाचताना सगळेच अडखळत होतो. शब्द जुने आणि पोर्तुगीज नावांची रूपे विचित्र. घरातली ऐंशी ओलांडलेली आजी भिंतीला टेकून ऐकत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने आम्हांला थांबवले, असे वाचायचे नसते म्हणाली, आणि लग्नाच्या ओवीची चाल लावून दाखवली. त्या चालीवर पुढच्या चाळीस ओव्या आम्ही न अडखळता म्हटल्या.