वेबसाइट काढताय? डोमेन गटाच्याच नावावर घ्या

शेतकरी गट असो की महिला बचत गट, वेबसाइट काढायची तर सुरुवात वहीपासून करावी. गिऱ्हाइकाला काय पाहायचंय ते आधी लिहून काढा. हळद, गूळ विकायचा असेल तर मालाचे फोटो, वजन, भाव, माल कुठपर्यंत पोहोचवणार आणि फोन नंबर एवढं पुरे. चार-पाच पानांत काम भागतं.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे ती ठेवायची भाड्याची जागा. '.इन' नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' नावही मिळतं. डोमेन १ ते १० वर्षांसाठी घेता येतं, कायमचं मिळत नाही. मुदतीत पैसे भरले नाहीत तर ते नाव दुसरा कुणी घेऊ शकतो.

खरी गफलत इथंच होते. वेबसाइट बनवणारा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतो. पुढे तो शहरात गेला किंवा व्यवहारावरून बिनसलं की पाकिटावर छापलेला पत्ता गटाच्या हातातून जातो. आपल्या रानाचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? म्हणून डोमेन गटाच्या नावावर आणि गटाच्याच ईमेलवर घ्या. बिल, पासवर्ड, मुदतीची तारीख दप्तरात लिहून ठेवा.

वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. फोटो हलके ठेवा. बनवणाऱ्याचे शेवटचे पैसे देण्याआधी वेबसाइट गावातल्या नेटवर, साध्या मोबाइलवर उघडून पाहा.